डाळ देऊन आणि धान्य अडवून

लस टोचून घेणे ही तशी एका मिनिटाची गोष्ट. पण त्या मिनिटापर्यंत माणसाला आणणे हे कधी कधी लस तयार करण्याहून अवघड काम ठरते. आम्हा मांजरीकरांना तर हे विशेष जाणवायला हवे. करोनाच्या साथीत देशातल्या कोट्यवधी दंडांत गेलेली कोव्हिशील्ड लस सीरम इन्स्टिट्यूटच्या इथल्याच प्रकल्पात तयार होत होती. १२ जानेवारी २०२१ रोजी पहाटे लशीच्या पेट्या घेऊन पहिल्या गाड्या विमानतळाकडे निघाल्या. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लशीसाठी पहाटेपासून रांगा लागत. नोव्हेंबर उजाडेपर्यंत मात्र चित्र पालटले. आता कुप्या होत्या, पण अनेक ठिकाणी माणसे येत नव्हती.

त्या महिन्यात तेव्हाच्या औरंगाबाद, आजच्या छत्रपती संभाजीनगर, जिल्ह्यात प्रशासनाने आदेश काढला: लशीची निदान एक मात्रा घेतल्याशिवाय रेशनचे धान्य, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही. दुसऱ्या लाटेत माणसे पटापट गेलेली ज्यांनी पाहिली, त्या अधिकाऱ्यांची घाई मी समजू शकतो. तरीही हा आदेश वाचताना मला राजस्थानातली एक हकिगत आठवली.

उदयपूरच्या ग्रामीण भागात 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. जिथे काहीच वेगळे केले नव्हते, त्या गावांत सर्व लशी पूर्ण झालेली मुले अवघी ६ टक्के होती. जिथे दर महिन्याला न चुकता शिबिर भरले, तिथे हे प्रमाण १८ टक्के झाले. आणि जिथे शिबिराबरोबर दर खेपेला आईच्या हाती किलोभर डाळ दिली, सर्व लशी झाल्यावर ताटांचा संच दिला, तिथे ते ३९ टक्क्यांवर गेले. या आयांचा लशीला विरोध नव्हताच. रोजच्या मजुरीच्या धबडग्यात 'आज नको, पुढच्या महिन्यात' असे होत होते, इतकेच. किलोभर डाळीने तो 'पुढचा महिना' आजवर आणला.

वर्तनाचे शास्त्र म्हणतात ते हेच. डॅनिएल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले, की शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गेल्याचे दुःख माणसाला जास्त लागते. याचा अर्थ, धान्य अडवण्याचा चिमटा डाळीच्या आमिषापेक्षा जोरात बसतो. आकडे वाढवायचे एवढाच हेतू असेल, तर अडवणे चालतेही. प्रश्न आहे तो मागे काय उरते याचा.

याचे उत्तर आमच्या या परिसराला सव्वाशे वर्षांपूर्वी मिळालेले आहे. १८९७ च्या प्लेगमध्ये रोग्यांना वेगळे ठेवायचे, हा रँड साहेबाचा हेतू वैद्यकदृष्ट्या गैर नव्हता. पण गोरे सोल्जर घराघरांत शिरले आणि लोक आपली आजारी माणसे लपवू लागले. पुढे २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर काय घडले, ते आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत मांजरीच्या शेजारी, हडपसरच्या सासाणे मळ्यात, डॉ. यशवंत फुले यांनी प्लेगचा दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई तिथे आल्या आणि त्याच संसर्गाने १० मार्चला गेल्या. रोग्याला घरातून तिथेही हलवावेच लागत होते. फरक होता तो नेणाऱ्या हातांचा. आजचे अधिकारी रँड नव्हेत, हे उघड आहे. पण माणसाचे मन मात्र तेच आहे.

या मनाला राजकारणाचा वारा लागला की निवड आणखी अवघड होते. जानेवारी २०२१ मध्ये अखिलेश यादव यांनी आपण 'भाजपची लस' घेणार नाही असे जाहीर केले. जूनमध्ये 'भारत सरकारच्या' लशीचे स्वागत करून ती घेण्याची तयारी दाखवली. औषध तेच होते, बदलले होते ते नाव. दुसरीकडे लसीकरणाच्या प्रमाणपत्रावर पंतप्रधानांचे छायाचित्र छापले गेले आणि त्यावरूनही तट पडले. एखादे मत गटाची खूण बनले, की ते बदलणे म्हणजे आपल्या माणसांशी फितुरी वाटू लागते. मग कितीही आकडेवारी पुढे ठेवा, ती कानावरून जाते. माणसाला लशीकडे हळूच नेणारे हे शास्त्र त्याला शेजाऱ्यापासून दूर नेण्यासाठीही तितकेच उपयोगी पडते. निवडणुकीचे प्रचारक ते सरकारी अधिकाऱ्यांच्या कितीतरी आधी शिकले आहेत!

म्हणून सरकारने हे शास्त्र वापरू नये असे मी म्हणणार नाही. फक्त दोन प्रश्न विचारावेत. आपण काय करतो आहोत हे त्या माणसाला तोंडावर सांगता येईल काय? आणि त्याने नाही म्हटले, तर त्याच्या हक्काचे काही जाते काय? डाळ दोन्ही कसोट्यांना उतरते. रेशन दुसऱ्या कसोटीला उतरत नाही, कारण २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते गरिबाच्या हक्काचे आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २ मे २०२२ रोजी स्पष्ट केले, की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. सार्वजनिक आरोग्यासाठी वाजवी बंधने तेवढी घालता येतील.

त्याच नोव्हेंबरात आपल्या आरोग्यमंत्र्यांनी मुस्लिमबहुल वस्त्यांतील शंका दूर करण्यासाठी सलमान खान आणि धर्मगुरू यांची मदत घेण्याचे जाहीर केले. सांगणारा कोण आहे याला महत्त्व असते, हे सरकारने ओळखले, हे चांगलेच झाले. पण मला वाटते, नटाहून मोठा विश्वास आपल्या जवळच होता. 'हर घर दस्तक' मोहिमेत त्याच महिन्यात आशाताई दारोदार फिरत होत्या. बाळाला पोलिओचे थेंब कुणी पाजले, बाळंतपणात कोण धावून आले, हे प्रत्येक घराला ठाऊक असते. तिने उंबऱ्यावर बसून दहा मिनिटे शंका ऐकून घेतल्या, तर जे होते ते कुठल्याही आदेशाने होत नाही. पुढची साथ येईल तेव्हा मांजरीतून गाड्या पुन्हा निघतीलच. तोवर त्या आशाताईचे मानधन वेळेवर मिळेल एवढी व्यवस्था लावली, तरी पुष्कळ काम आधीच झालेले असेल.