धावपट्टीच्या हिशेबात नसलेली माणसे

कन्याकुमारीपासून सुमारे १८०० किलोमीटरवर, हिंदी महासागराच्या मध्यावर, दिएगो गार्सिया नावाचे प्रवाळबेट आहे. तेथील १२ हजार फुटी धावपट्टीवरून १९९१ साली इराकवर, २००१ साली अफगाणिस्तानवर आणि २००३ साली पुन्हा इराकवर बॉम्बफेकी विमाने गेली. या तळाचे सामरिक मोल अमेरिकी युद्धनीतीचे जाणकार आवर्जून सांगतात. ते मोल कोणी चुकते केले, हा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो.

मॉरिशसला स्वातंत्र्य देण्याच्या वाटाघाटी चालू असतानाच ब्रिटनने चागोस द्वीपसमूह त्यापासून तोडला आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये त्याची एक नवी वसाहत केली. वसाहती मोडीत निघत असतानाच्या काळात! मॉरिशसच्या पदरात ३० लाख पौंड टाकण्यात आले. पुढच्याच वर्षी बेट अमेरिकेला ५० वर्षांसाठी वापरावयास दिले गेले. कागदोपत्री भाडे शून्य. परंतु पोलारिस क्षेपणास्त्रांच्या व्यवहारात ब्रिटनला १ कोटी ४० लाख डॉलरची सूट मिळाली. ही देवघेव ब्रिटिश पार्लमेंट व अमेरिकी काँग्रेस या दोहोंपासून दडवून ठेवण्यात आली.

अडचण एकच होती. बेटांवर माणसे राहत होती. फ्रेंच मळेवाल्यांनी आणलेल्या आफ्रिकी गुलामांचे आणि मागाहून आलेल्या भारतीय मजुरांचे हे वंशज खोबऱ्याच्या मळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबत आले होते. ते कायमचे रहिवासी आहेत असे मान्य केले असते, तर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेप्रमाणे त्यांच्याबद्दल जाब द्यावा लागला असता. म्हणून लंडनच्या अधिकाऱ्यांनी त्यांना ‘कंत्राटी मजूर’ ठरविले. मळे विकत घेऊन बंद करण्यात आले, १९७१ साली लोकांचे पाळीव कुत्रे मारण्यात आले, आणि १९७३ पर्यंत दीड ते दोन हजार माणसे मॉरिशस व सेशेल्सच्या किनाऱ्यांवर आणून सोडण्यात आली. पोर्ट लुईच्या झोपड्यांत त्यांचा संसार नव्याने सुरू झाला. पुनर्वसनासाठी ब्रिटनने १९७२ मध्ये मॉरिशस सरकारला साडेसहा लाख पौंड दिले. ते कुटुंबांच्या हाती पडेपर्यंत कित्येक वर्षे लोटली आणि दरम्यान महागाईने त्यातील बराच भाग गिळला होता.

याच सुमारास अल्डाब्रा बेटावरही विमानतळ बांधण्याचा ब्रिटनचा बेत होता. तेथील महाकाय कासवांसाठी शास्त्रज्ञांनी आवाज उठविला, त्यातच पौंडाचे अवमूल्यन झाले, आणि १९६७ साली तो बेत बारगळला. कासवांना वकील मिळाले याचे दुःख नाही!

२०१९ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयाने चागोस तोडणे बेकायदा असल्याचे मत दिले व आमसभेत ११६ राष्ट्रांनी ब्रिटनने माघार घ्यावी असे मतदान केले. त्यात भारतही होता. २२ मे २०२५ रोजी ब्रिटन व मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. त्यानुसार सार्वभौमत्व मॉरिशसचे, परंतु तळ ९९ वर्षे तसाच, वर्षाकाठी सरासरी १० कोटी १० लाख पौंडांच्या मोबदल्यात. चागोसवासीयांसाठी ४ कोटी पौंडांचा निधी आहे. वाटाघाटींच्या मेजावर खुर्ची मात्र नव्हती. इतर बेटांवर मॉरिशस वस्ती करू देऊ शकेल, दिएगो गार्सियावर नाही.

दिल्लीने या कराराचे स्वागत केले. हिंदी महासागर हा शांततेचा प्रदेश असल्याचा ठराव आमसभेने डिसेंबर १९७१ मध्ये केला होता आणि भारत त्या मागणीचा खंदा पुरस्कर्ता होता. आणखी ९९ वर्षांचा लष्करी तळ त्या ठरावात कसा बसतो, आणि दिएगो गार्सियावर परतण्याचा चागोसवासीयांचा हक्क भारताला मान्य आहे की नाही, याचे उत्तर सरकारकडून संसदेत मागितले गेले पाहिजे.