रात्रीची गस्त आणि हातातली बंदूक : आधी उजेड, मग ओळख, गोळी सगळ्यात शेवटी

शेतीपंपाला रात्रपाळीची लाइट असली की शेतकरी अकरा-बाराला बॅटरी घेऊन मोटार चालू करायला निघतो. बिबट्याच्या भीतीने हातात काठी असते, कधी कोयता असतो. त्याच रस्त्यावर केबल आणि मोटारी चोरणाऱ्यांच्या मागावर पोलिसांची गस्त फिरत असते. अंधारात दोघंही एकमेकांना नुसती सावली म्हणून दिसतात. त्या सावलीच्या हातात काय आहे हे ओळखायला मिळणारा वेळ कधी कधी दोन-तीन सेकंदांचाच असतो. म्हणून पोलिसांच्या रात्रीच्या शस्त्रसरावाचा प्रश्न गावकऱ्यांच्याही जिवाचा आहे.

डोळ्यांचं गणित

उजेडातून अंधारात गेल्यावर डोळे पूर्ण सरावायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात. जीपच्या दिव्यांच्या उजेडातून किंवा मोबाइलच्या पडद्यावरून नजर काढून खाली उतरलेल्या माणसाला सुरुवातीला फारसं काही दिसत नाही. अंधारात रंग कळत नाहीत, अंतराचा अंदाज चुकतो. मोबाइल, पाइपचा तुकडा आणि गावठी कट्टा यांतला फरक समजत नाही.

बंदुकीचंही तसंच. नळीच्या टोकाचा, नेम धरायचा खुंट दिसत नाही. गोळी सुटताना निघणाऱ्या ज्वाळेने डोळे दिपतात. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात पिस्तूल असेल तर आणखी एक धोका असतो. घाबरलेल्या माणसाने टॉर्चचं बटण जोरात दाबलं की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळली जातात. त्यामुळे झाडायचा निर्णय होईपर्यंत बोट घोड्याबाहेर ठेवायचं, हा सुरक्षेचा मूळ नियम रात्री दुप्पट महत्त्वाचा ठरतो. रायफलला तर दोन्ही हात लागतात. म्हणजे तिच्यावर दिवा बसवलेला हवा, नाहीतर एकाने उजेड धरायचा आणि दुसऱ्याने शस्त्र, अशी जोडी हवी. पण शस्त्रावर दिवा बसवला म्हणून त्याचा टॉर्चसारखा वापर करायचा नसतो. कारण जिकडे दिवा, तिकडे नळी.

चूक झाली की काय होतं

२९ सप्टेंबर २०१८ च्या पहाटे दीडच्या सुमारास लखनौच्या गोमतीनगर भागात गस्तीवरच्या शिपायाने एका गाडीवर गोळी झाडली. गाडी चालवणारा खासगी कंपनीतला अधिकारी मरण पावला. गाडी अंगावर घातली म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं त्या शिपायाचं म्हणणं होतं. गस्तीवरचे दोन्ही शिपाई बडतर्फ झाले, त्यांना अटक झाली. एक घर उघडं पडलं आणि दोन पोलिसांच्या नोकऱ्या गेल्या.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरचा हल्ला रात्रीचाच. त्या रात्री गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली आणि प्राण दिले. त्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने दारूगोळ्याची टंचाई आणि अपुरा सराव यांवर बोट ठेवलं. सराव नसलेला पोलीस लोकांसाठी धोकादायक असतोच, पण आधी तो स्वतः धोक्यात असतो.

कायदा काय सांगतो

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४३ अटकेबद्दल आहे. ज्याच्यावर फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नाही, त्याला पकडताना ठार मारण्याचा अधिकार हे कलम देत नाही. साध्या केबलचोरीचा संशयित पळाला, तर तेवढ्यावरून त्याच्या पाठीत गोळी घालता येत नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही आहे, पण समोर खरा धोका असावा लागतो. पोलिसांच्या गोळीबारात मृत्यू झाला तर गुन्हा नोंदवून सीआयडी किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडून तपास व्हावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात दिले.

सराव कसा हवा

दिवसाउजेडी, ठरलेल्या अंतरावर, न हलणाऱ्या पुठ्ठ्यावर नेम धरणं हा सरावाचा पाया आहे. पण गस्त रात्रीची, तर सरावही रात्रीचा हवा. त्यात कधी झाडायचं याबरोबर कधी झाडायचं नाही, हेही शिकवायला हवं. पुठ्ठ्यावरच्या एका माणसाच्या हातात कट्टा, दुसऱ्याच्या हातात मोबाइल, असा सराव गोळी न वापरता, रिकाम्या शस्त्रावर आणि टॉर्चवरही होतो. समोरच्याच्या मागे काय आहे हेही बघावं लागतं. हुकलेली गोळी किलोमीटरभर जाऊ शकते आणि मागे वस्ती असते. ड्युटी संपल्यावर पेंगुळलेल्या डोळ्यांनी शस्त्र खाली करताना नळी सुरक्षित दिशेला धरून मोकळ्या चेंबरची खात्री करणं, हाही त्याच शिक्षणाचा भाग आहे.

खर्च फार नाही. चांगल्या टॉर्च, चकाकणारी जॅकेटं आणि सरावासाठी राखून ठेवलेली रात्र एवढ्याने सुरुवात होते. ग्रामसभेतून किंवा पोलीस पाटलांमार्फत गावकरी ठाणेदारांना विचारू शकतात, की गस्तीच्या पथकाचा रात्रीचा सराव शेवटचा कधी झाला?

गावकऱ्यांनीही काही गोष्टी पाळाव्यात. गस्तीने हाक मारली तर थांबावं, पळू नये. हात दिसतील असे ठेवावेत, कोयता खाली ठेवावा. समोरच्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारू नये. आपलं नाव आणि वस्ती मोठ्याने सांगावी. समोरचे खरंच पोलीस आहेत का, अशी शंका आली तर ११२ वर फोन करून खात्री करता येते. पण आधी तसं सांगावं, मगच खिशात हात घालावा.