राजम्याची युरियाची भूक आणि पाकिटातील जिवाणू

नवी दिल्ली : कडधान्याला नत्रखत फारसे लागत नाही, ही समजूत हरभरा आणि मसुरीबाबत खरी आहे. राजमा, म्हणजे महाराष्ट्रातील घेवडा, मात्र तिला अपवाद ठरतो. मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र पिकाला मिळवून देणारे रायझोबियम जिवाणू याही पिकावर येतात. पण त्यांचे काम तोकडे पडते आणि उत्तरेच्या मैदानी भागात तर अनेकदा गाठीच धरत नाहीत. परिणामी हरभऱ्याला हेक्टरी १५ ते २० किलो नत्राची शिफारस असताना रब्बी राजम्याला ९० ते १२० किलो द्यावे लागते. १२० किलो नत्र म्हणजे सुमारे २६० किलो युरिया. हा खुराक गव्हाला शोभणारा आहे, कडधान्याला नव्हे.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न ब्राझीलमध्ये दीर्घकाळ झाले. कोलंबियातील घेवड्याच्या गाठींतून मिळालेला ‘रायझोबियम ट्रॉपिसी’चा सीआयएटी ८९९ हा वाण उष्ण, आम्लधर्मी जमिनीत तग धरतो; तेथे तो बीजप्रक्रियेसाठी बाजारात उपलब्ध आहे. सोयाबीन, घेवडा आदी पिकांसाठी असे जिवाणू निवडणाऱ्या एम्ब्रापा या सरकारी संस्थेच्या मारियांजेला हुंग्रिया यांना २०२५ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

अर्थात, परदेशी वाण आणून पेरला की झाले, असे नाही. जमिनीतले स्थानिक जिवाणू गाठींची जागा आधीच पटकावतात आणि नत्र देण्यात ते सरस असतातच असे नाही. भदरवाहच्या डोंगरउतारावर यशस्वी ठरलेला वाण बिहारच्या रब्बी शिवारात चालेलच, याची हमी नसते.

त्याहून अवघड प्रश्न पाकिटाचा आहे. भुकटीच्या रायझोबियम खतात प्रतिग्रॅम किमान ५ कोटी जिवंत पेशी असाव्यात, असा आपल्या खत नियंत्रण आदेशाचा दंडक आहे. ब्राझीलमध्ये तो १०० कोटींचा आहे. शिवाय पत्र्याच्या गोदामात उन्हाळा काढलेल्या पाकिटात पेरणीपर्यंत किती जिवाणू जगले, हे शेतकऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. उलट युरियाची ४५ किलोची गोणी, कर व निंबोळी लेपनाचा खर्च वगळता, २४२ रुपयांना मिळते. २६० किलोंसाठी जेमतेम १,४०० रुपये मोजणारा शेतकरी बेभरवशाच्या पाकिटावर पीक सोडणार नाही, आणि त्याचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही. युरियाचा खरा भार अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर झालेल्या ११,४४० कोटी रुपयांच्या कडधान्य आत्मनिर्भरता अभियानाचा भर तूर, उडीद आणि मसूर यांवर आहे. कडधान्य असूनही सर्वाधिक युरिया मागणारा राजमा त्या तिघांत नाही.