हात बसला की जाईल

नवी वस्तू सदोष निघाली तर दोष वस्तूचा नसून ती घेणाऱ्याचा आहे, हे पटवून देण्याची एक कला आपल्या बाजारपेठांत पूर्वापार नांदत आली आहे. नवी चप्पल चावते, कारण पायाला सवय नाही. नवे दार घासते, कारण हवा दमट आहे. आणि नवी बेस गिटार खरखरते, कारण वाजवणाऱ्याचा हात बसलेला नाही. यांतले शेवटचे उत्तर परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या परिचयाच्या एका पदवीच्या विद्यार्थ्याला मिळाले. हा मुलगा भीमगीतांच्या पथकात वाजवतो. पूर्वी अशा पथकांचे पेटी, ढोलकी आणि झांज एवढ्यावर भागे. आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले, आणि त्यांच्या तळाशी भक्कम जमीन हवी म्हणून बेस गिटारही आली. दोन हंगामांच्या बिदागीतून त्याने ती घेतली. जाड तारेवर तिसऱ्या-चौथ्या पडद्याशी बोट ठेवले की स्वराच्या पाठोपाठ पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येई. विक्रेत्याने फोनवर सांगितले, "नवीन आहे. हात बसला की जाईल."

या वाक्याचा विचार साहित्याच्या व्यासपीठावर कशासाठी, असे कोणी विचारील. आमच्या मते हे वाक्य वाङ्मयाच्या वर्गांतही रोज उच्चारले जाते, फक्त त्याची शब्दरचना अधिक सभ्य असते. पण तिकडे वळण्यापूर्वी गिटारीचे काय ते पाहू, कारण गिटारीच्या बाबतीत खरे-खोटे ठरवता येते.

बेस गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. तार जितकी जाड आणि स्वर जितका खर्जातला, तितका तिचा झोका मोठा. त्या झोक्याला पडद्यांच्या वर मोकळी जागा लागते. ती अपुरी पडली की तार पुढच्या एखाद्या पडद्यावर आपटते आणि खरखर उमटते. जागा का अपुरी पडली, हे मात्र खरखरच सांगते, ऐकणारा हवा. केवळ मोकळी तार खरखरत असेल, तर मानेच्या टोकाशी असलेल्या पट्टीतील खाच प्रमाणाबाहेर खोल कापली गेली आहे. पहिल्या चार-पाच पडद्यांवर खरखर असेल, तर मान अतिसरळ झाली आहे. तिला किंचित अंतर्वक्र बाक हवा, आणि तो देण्यासाठी मानेच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. ती एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. खरखर वरच्या पडद्यांवर असेल तर घोडीवरची तार खाली बसली आहे. चौथ्या पडद्यावर खरखर आणि पाचव्यावर बोट ठेवताच स्वर स्वच्छ, असे होत असेल तर पाचवा पडदा एकटाच उंच राहिला आहे, आणि मग किल्ली फिरवून काही साधणार नाही; तो पडदा ठोकून बसवावा किंवा घासून समतल करावा लागेल. मानेचा बाक पाहण्याची रीतही सोपी आहे. तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे धडाला मिळते तिथल्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. मधल्या भागात तार आणि पडदा यांच्यामध्ये साधारण पोस्टकार्ड सरकेल इतकी फट असावी. फट मुळीच नसेल तर मान अतिसरळ आहे, आणि ती हाताच्या सरावाने वाकत नसते.

हाताचा दोष नसतोच, असे नव्हे. बोट पडद्याच्या लगत न ठेवता दोन पडद्यांच्या मधोमध ठेवले, किंवा तार बोटाने वरून उपटली, तर उत्तम वाद्यही खरखरते. पण हाताचा दोष हातासोबत हिंडतो. तो सगळ्या मानेवर थोडाथोडा दिसतो आणि दुसऱ्या वाद्यावरही दिसतो. एकाच जागी मुक्काम ठोकून बसलेला दोष वाद्याचा. शिवाय मेमध्ये चाळिशीच्या वर जाणारा परभणीचा पारा आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळा यांत लाकूड आकसते, फुगते आणि मानेचा बाक बदलतो. दूरच्या कारखान्यात जुळवून निघालेले वाद्य इथे पोहोचेपर्यंत तसेच राहील अशी खात्री कोणी देऊ नये. (एक आवाज या साऱ्यांहून निराळा: तारेला हात न लावताही येणारी घुंऽऽ. ती विजेची. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे बेसच्या ऐन मुलखातली. तारांवर हात ठेवताच ती कमी होत असेल तर आत शिरणारा विजेचा गोंगाट नीट अडवला जात नाही, असे समजावे. तिला खरखर म्हणू नये; दोन दोषांना एक नाव दिले की दोन्ही राहतात.)

आपल्या पूर्वसूरींना हे भान होते. ११व्या शतकातील काश्मिरी आचार्य मम्मट याने 'काव्यप्रकाशा'चा सातवा उल्लास दोषविचाराला दिला, आणि त्यात दोष पदात आहे, वाक्यात आहे, अर्थात आहे की रसात आहे, याची चिकाटीने छाननी केली. त्या याद्या आज कंटाळवाण्या वाटतात, आणि परीक्षेपुरत्या पाठ करून आपण त्या विसरतो. पण 'खटकते' एवढे म्हणून तो थांबला नाही. कोणत्या पडद्यावर खटकते ते त्याने सांगितले. त्याच्याही आधी, ९व्या शतकात, आनंदवर्धनाने काही दोषांना अनित्य म्हटले होते. कानाला टोचणारे वर्ण शृंगारात दोष ठरतात, रौद्रात तेच शोभतात. या याद्यांत 'ग्राम्य' नावाचाही एक दोष आहे. परभणीत बसून हा शब्द वाचताना जरा थबकायला होते. मम्मटाने मात्र त्यालाही वाट ठेवली आहे: बोलणारे पात्र त्या थरातले असेल, तर ग्राम्यता हा गुण.

इथे आमचे काही मित्र उत्साहाने तंबोऱ्याकडे बोट दाखवतात. खरखरीला दोष म्हणणे हीच पाश्चात्त्य दृष्टी. आपल्याकडे त्याच ध्वनीला जवारी म्हणून पूजतात, असा त्यांचा युक्तिवाद. तो ऐकायला गोड आहे. तंबोऱ्याची घोडी रुंद, किंचित उताराची असते. तार तिच्या पृष्ठाला क्षणोक्षणी घासत कंप पावते आणि एका स्वरातून स्वरांचे मोहोळ उठते. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ मध्ये या रचनेवर लिहिले आहे. तार जिथे छेडावी तिथल्या बिंदूमुळे जे उपस्वर नियमाने लुप्त व्हायला हवेत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात, हे त्यांनी नोंदवले. परंतु ही खरखर आपोआप येत नाही. मिरजेत १९व्या शतकाच्या मध्यास शिकलगार घराण्यांतील कारागीर हत्यारांकडून तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. तेव्हापासून आजतागायत तिथे घोडी कानसेने घासून, तार चढवून, ऐकून, पुन्हा घासून जवारी काढली जाते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे या श्रमांचा मोठा वाटा आहे. जवारी काढल्यावरही गायक घोडी आणि तार यांच्यात सुताचा धागा सरकवतो आणि हवी तेवढीच खुलवतो. ज्या खरखरीला धागा लावता येतो ती जवारी. परभणीच्या मुलाच्या गिटारीला असा धागा नव्हता.

याहून कठीण उदाहरण अमेरिकेतले आहे, आणि ते आमच्या विरुद्ध जाऊ शकते. नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन यांची सहा तारांची बेस गिटार ध्वनिमिश्रकाच्या एका बिघडलेल्या वाहिनीतून गेली आणि तिचा आवाज फाटला. तो तसाच ठेवला गेला. १९६१ मध्ये गाणे लोकप्रिय झाले. म्हणजे निखळ बिघाडसुद्धा अलंकार होऊ शकतो. होऊ शकतो खरा. पण पुढची गोष्ट मित्र सांगत नाहीत. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो फाटका आवाज मुद्दाम काढणारी जोडणी तयार केली, १९६२ मध्ये 'फझ टोन' या नावाने ती बाजारात आली, आणि तिला पायाने दाबायची कळ होती. बिघाडाला कळ बसली तेव्हा तो वादकाच्या ताब्यात आला.

मराठी समीक्षेत या दोन्ही बाजूंच्या चुका सुखाने नांदतात. मराठवाड्यातून लिहायला लागलेल्या मुलाला प्रथम सांगितले जाते की भाषा अजून बसलेली नाही. लिहिता लिहिता जाईल. काय जाईल? बहुधा त्याची बोली. रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' १९७१ मध्ये आली. सबंध कादंबरी एका ग्रामीण स्त्रीच्या तोंडून तिच्याच बोलीत सांगितलेली आहे, आणि त्या बोलीची जवारी अशी काढलेली आहे की एक धागा हलवला तर स्वर बदलेल. बी. रघुनाथ (१९१३–१९५३) यांनी परभणीत बसून, निजामी राजवटीतली नोकरी करता करता लिहिले. त्यांच्या मराठीवरही बाहेरच्या मापाची पट्टी लावणे सोपे आहे आणि व्यर्थ आहे. याउलट, गेल्या काही वर्षांत असाही एक समंजस समीक्षक वाढला आहे, जो मराठवाड्यातून आलेल्या कोणत्याही ओबडधोबड वाक्याला मातीचा गंध बहाल करतो. कथनाचा निवेदक मध्येच बदलला, काळाचा धागा तुटला, संपादकाने वाचलेच नाही, तरी ते सारे अस्सल. ही कृपा आम्हाला उपेक्षेपेक्षा अधिक अपमानकारक वाटते. उपेक्षा करणारा निदान वाद्य ऐकत नाही असे म्हणता येते; याने ऐकले, पाचवा पडदा उंच आहे हे त्याला कळले, आणि तरी तो म्हणाला, तुमच्याकडे असेच वाजते ना?

आता त्या मुलाविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ 'दोष' या शब्दाची व्याख्या करतो, आणि ती अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्याने वाचावी अशी आहे: कायद्याने, कराराने किंवा विक्रेत्याच्या दाव्याने जो दर्जा अपेक्षित आहे त्यातील उणीव म्हणजे दोष. दोष इथेही मापाशी बांधलेला आहे, आणि माप विक्रेत्याच्या शब्दांतूनही येते. जुन्या १९८६च्या कायद्यात नसलेली एक सोय या कायद्याने दिली. वस्तू कुठूनही घेतलेली असो, ग्राहक राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते; मुदत २ वर्षांची, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्क नाही. पुण्या-मुंबईच्या चकरा न मारता परभणीतूनच हे होते. त्याआधी १९१५ या क्रमांकावरील राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि सर्वांत आधी विक्रेत्याला लेखी पत्र आहे.

ते पत्र लिहायला तो आमच्याकडे आला तेव्हा पहिल्या मसुद्यात एवढेच होते: 'गिटार बरोबर वाजत नाही, आवाज खराब येतो, मन नाराज झाले.' पानभर समीक्षा वाचल्यासारखे वाटले. मग चारही तारा, एकेक पडदा, मोबाइलवर ध्वनिमुद्रण, आणि पोस्टकार्डाचा एक तुकडा असे घेऊन आम्ही सर्वांनी मिळून तासभर वाद्य तपासले. दुसरा मसुदा असा झाला: जाड तारेवर तिसऱ्या व चौथ्या पडद्यावर खरखर, पाचव्यापासून स्वर स्वच्छ, मानेचा बाक योग्य, मोकळी तार स्वच्छ, हाच वादक पथकातील दुसऱ्या गिटारीवर त्याच जागी वाजवतो तेव्हा खरखर नाही, मुद्रण सोबत जोडले आहे, पाचवा पडदा समतल करून द्यावा किंवा वाद्य बदलून द्यावे. सही, तारीख, पावतीची प्रत. पत्र नोंदणीकृत टपालाने गेले आहे. उत्तर अजून आलेले नाही, आणि जयंतीच्या कार्यक्रमांत तो सध्या पाचव्या पडद्याच्या वरचेच स्वर वापरतो.