सन्मान सभागृहात, माफी मात्र पडद्यावर

अमेरिकेतील जॉर्जिया राज्याची राजधानी अटलांटा येथे ७ मार्च १९७९ रोजी विधिमंडळात नेहमीचे कामकाज बाजूला ठेवून गाणे झाले. याच राज्यातील आल्बनी येथे जन्मलेले अंध कृष्णवर्णीय गायक आणि पियानोवादक रे चार्ल्स यांनी लोकप्रतिनिधींसमोर ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ सादर केले. पुढच्याच महिन्यात, २४ एप्रिल रोजी, ते अधिकृत राज्यगीत झाले. आपल्या भूमिपुत्राचा एवढा मोठा गौरव विधिमंडळे क्वचितच करतात. मात्र या गौरवाभोवती पुढे एक कथा रचली गेली आणि खरा प्रश्न तिच्याआड दडला.

ही कथा जगभर पोहोचली ती २००४ मधील ‘रे’ या चित्रपटामुळे. वर्णभेदाला विरोध केला म्हणून जॉर्जियाने चार्ल्स यांच्यावर कायमची बंदी घातली. १९७९ मध्ये विधिमंडळाने ती उठवून त्यांची जाहीर माफी मागितली, असे चित्रपटाच्या अखेरीस दाखवले आहे. प्रत्यक्षात अशी बंदी कधी घातलीच गेली नव्हती. साहजिकच ती उठवण्याचा आणि त्याबद्दल माफी मागण्याचा प्रसंगही घडला नाही.

ऑगस्टात काय घडले?

खरी हकिकत अधिक साधी, पण अधिक बोचरी आहे. मार्च १९६१ मध्ये ऑगस्टा शहरातील बेल सभागृहात चार्ल्स यांचा कार्यक्रम ठरला होता. नृत्याची मुख्य जागा केवळ गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांनी सज्जात बसायचे, अशी तेथील व्यवस्था होती. स्थानिक पेन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी ही बाब चार्ल्स यांच्या कानावर घातली आणि त्यांनी कार्यक्रम रद्द केला. आयोजकाने न्यायालयात धाव घेतली. १९६२ मध्ये करारभंगापोटी चार्ल्स यांना ७५७ डॉलर भरावे लागले. पुढच्याच वर्षी, १९६३ मध्ये, ते त्याच सभागृहात परतले. या वेळी प्रेक्षकांत वर्णानुसार विभागणी नव्हती.

म्हणजे राज्याने गायकाला हद्दपार केले नव्हते. उलट गायकानेच राज्यातील एका प्रथेकडे पाठ फिरवली आणि त्याची किंमत स्वतःच्या खिशातून मोजली. बंदीची कथा ऐकायला अधिक नाट्यमय असली, तरी तिच्यात चार्ल्स केवळ अन्यायग्रस्त ठरतात. त्यांचा निर्णय आणि त्यांना जागे करणारे विद्यार्थी मात्र मागे पडतात.

१९७९ चे सभागृह

विधिमंडळाने गौरव केला तेव्हाचे वातावरणही लक्षात घेण्याजोगे आहे. याच विधिमंडळाच्या प्रतिनिधीगृहाने १९६६ मध्ये ज्युलियन बाँड या निर्वाचित कृष्णवर्णीय सदस्याला आसन नाकारले होते. व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातील निवेदनाला त्यांनी पाठिंबा दिला, हे त्याचे कारण. अखेर सर्वोच्च न्यायालयाने बाँड यांच्या बाजूने निकाल दिला. १९७९ मध्ये ते राज्याच्या सिनेटचे सदस्य होते. बदल घडला होता, यात शंका नाही. तरीही राज्याच्या ध्वजावर गुलामगिरीच्या समर्थक राज्यांच्या लष्करी निशाणाचे चिन्ह होतेच. १९५६ मध्ये स्वीकारलेला हा ध्वज २००१ पर्यंत फडकत राहिला. ज्या राज्याने चार्ल्स यांच्या आवाजाला आपला आवाज मानले, त्याच राज्याला हे निशाण खाली उतरवण्यास आणखी बावीस वर्षे लागली.

सन्मानाचे मोल

याचा अर्थ तो सन्मान पोकळ होता, असा नव्हे. ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे गीत १९३० चे, म्हणजे चार्ल्स यांच्या जन्मवर्षाचेच. संगीतकार होगी कार्मायकल आणि गीतकार स्टुअर्ट गोरेल हे दोघेही गोरे आणि इंडियाना राज्याचे. चार्ल्स यांनी १९६० मध्ये ते गायिले आणि अमेरिकेतील लोकप्रियतेच्या यादीत ते पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९२२ पासूनचे जुने राज्यगीत बाजूला सारून विधिमंडळाने हे गीत निवडले, त्यामागे चार्ल्स यांच्या आवाजाचा वाटा सर्वांत मोठा होता. खुद्द चार्ल्स यांचे बालपण शेजारच्या फ्लोरिडात गेले होते. तरीही राज्याने त्यांना आपले म्हटले. एका कृष्णवर्णीय गायकाच्या सुरांत आपली ओळख शोधली. दक्षिणेकडील राज्याच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती.

तथापि, गौरव आणि कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गौरवाच्या ठरावाला सहसा कोणी विरोध करत नाही. टाळ्यांच्या गजरात तो संमत होतो. माफी मागायची तर चूक कोणाची आणि कोणती, हे नोंदवावे लागते. ऑगस्टातील सज्जाची व्यवस्था एकट्या आयोजकाची नव्हती. तिच्यामागे राज्यातील कायदे आणि रूढी उभ्या होत्या, आणि कायदे करणारे सभागृह हेच होते.

चित्रपटाने ती माफी कल्पनेने भरून काढली. प्रेक्षकांनीही ती सहज खरी मानली, कारण ती व्हायला हवी होती असे त्यांना वाटले. धोका नेमका येथेच आहे. पडद्यावरील माफीने मन निवते आणि प्रत्यक्षातील माफी मागायची राहून गेली आहे, याचा विसर पडतो. आल्बनीत २००७ मध्ये चार्ल्स यांचा पियानोवर बसलेला पुतळा उभा राहिला. भूमिपुत्राच्या गौरवात जॉर्जियाने काही उणे ठेवले नाही. ७५७ डॉलरची ती नोंद मात्र अजूनही चार्ल्स यांच्याच खात्यावर आहे.