बेटम्याची बावडी आणि नामदेवांची पायरी

धारहून इंदुरास जाण्यायेण्यात आमचे निम्मे आयुष्य गेले, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. लग्नाचा बस्ता असो, डॉक्टर असो की गाण्याची बैठक असो, धारकराची धाव इंदुरापर्यंत. या वाटेवर बेटमा लागते. तेथील गुरुद्वारा आम्ही लहानपणापासून मोटारीच्या खिडकीतून पाहत आलो. उतरलो मात्र कधी नाही. देवासच्या आमच्या व्याह्यांना विचारले, तर तेही म्हणाले की नाव ऐकले आहे, एवढेच.

यंदा श्रावणात उतरण्याचा योग आला, आणि तोही आमच्या इच्छेने नव्हे. बेटम्याच्या अलीकडे मोटारीचे चाक बसले, वरून पावसाची झड लागलेली. चाक बदलून होईपर्यंत सौभाग्यवती, आमची नात व आम्ही गुरुद्वाऱ्याचा आसरा घेतला. आत पेटी-तबल्यावर कीर्तन चालू होते. हातपाय धुऊन, डोक्यावर रुमाल घेऊन आम्ही कोपऱ्यात बसलो. पंजाबी आम्हांस येत नाही, म्हणून सूर तेवढा ऐकत होतो. तोच एका पदात 'बीठल' हा शब्द आला आणि अखेरीस 'नामा'. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. नातीने हळूच विचारले, "आजोबा, हे आपले नामदेव का?"

कीर्तन संपल्यावर तेथील वृद्ध ग्रंथीजींना आम्ही तोच प्रश्न केला. ते हसले आणि म्हणाले, "भगत नामदेवजी. आप तो दक्खन के हैं, आप को तो मालूम होगा." ज्या घरात नामदेवांची गाथा तीन पिढ्या देवघरात ठेवलेली आहे, त्या घरच्या कर्त्या पुरुषास ते मालूम नव्हते! वर्तमानपत्रातून कधी काळी वाचले होते खरे. पण वाचणे निराळे आणि कानांनी ऐकणे निराळे.

तेव्हा या महिन्याच्या सदरात, आमच्या या अज्ञानाचे थोडे प्रायश्चित्त म्हणून, माळव्यातल्या मराठी माणसाने शिखांच्या इतिहासाकडे कोणत्या वाटेने जावे याविषयी लिहावे असे ठरविले.

प्रथम बेटम्याविषयी. गुरू नानक (१४६९ ते १५३९) आपल्या प्रवासात येथे आले, येथले पाणी खारे होते, ते त्यांच्या कृपेने गोड झाले, अशी शीख भाविकांची श्रद्धा आहे. ती बावडी आजही दाखवितात. इंदुरातील इमली साहिब गुरुद्वाऱ्याचे नावही गुरू नानक ज्या चिंचेखाली बसले असे मानतात तिच्यावरूनच पडले. त्या काळी इंदूर हे नाव घेण्याजोगे शहर नव्हते. होळकर नव्हते, पवार नव्हते. माळव्याची गादी आपल्या धारजवळच्या मांडवगडावर होती, आणि तेथील खिलजी सुलतानांचे राज्य शेवटच्या घटका मोजीत होते. १५३१ साली गुजरातच्या बहादुरशहाने ते बुडविले. म्हणजे आपले पूर्वज घोड्यांवरून या मुलखात उतरले, त्याच्या सुमारे दोनशे वर्षे आधी रबाब वाजविणाऱ्या मर्दानाला बरोबर घेऊन हिंडणाऱ्या या पुरुषाच्या आठवणी येथे रुजल्या होत्या.

आणि त्याच्याही आधी, आपला एक शिंपी उलट दिशेने पंजाबात गेला होता.

नामदेवांचा जन्म १२७० चा. ज्ञानदेवांनी समाधी घेतल्यानंतर ते उत्तरेस गेले आणि आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे दीर्घकाळ राहिले, असे परंपरा सांगते. पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध करून अमृतसरच्या हरिमंदिरात स्थापिला, तेव्हा त्यात नामदेवांची ६१ पदे घेतली. वाचकांनी हे साल ध्यानात घ्यावे. एकनाथांना जाऊन तेव्हा पाचच वर्षे झाली होती आणि समर्थ रामदासांचा जन्म व्हावयास चार वर्षे अवकाश होता. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथालाच गुरुपद दिले. त्यामुळे तेव्हापासून आजतागायत, जेथे जेथे शीख वस्ती आहे तेथे तेथे, ग्रंथापुढे टेकविलेले मस्तक कबीर, रविदास, फरीद यांच्याप्रमाणे नामदेवांच्या शब्दांपुढेही टेकत आले आहे.

ही पदे कोणती, हे आम्ही त्यानंतर मुद्दाम पाहिले. भाषा जुनी हिंदी, पण मधूनच एखादे मराठी वळण असे येते की घरचा माणूस परगावी भेटावा तसे वाटते. त्यांपैकी एका पदाने आमची झोप उडविली. नामदेव आनंदाने देवळात गेले, भक्तीत रंगले असता त्यांना धरून उठविण्यात आले. त्यांची जात आड आली. मग ते आपली घोंगडी उचलून देवळामागे जाऊन बसले आणि देवालाच विचारू लागले की मला छीपा म्हणून का जन्मास घातलेस. पुढे देऊळच फिरून त्यांच्यासमोर आले. आपण ही कथा औंढा नागनाथाच्या देवळाशी जोडतो आणि कीर्तनात चमत्कार म्हणून रंगवून सांगतो. देऊळ फिरले याचे आपल्याला कौतुक; उठविले कोणी, याची चर्चा आपण सहसा करीत नाही. पंजाबातील छींबा समाज, जो कापड शिवण्या-रंगविण्याचा धंदा करी, तो मात्र नामदेवांना आपले दैवत मानतो. आपल्या माळव्यातही छीपा म्हणजे कापडावर छपाई करणारा. शब्द आपल्या दाराशी होता, संत आपल्या देवघरात होते. दोहोंची गाठ बेटम्याच्या पावसात पडली.

देवासकर वाचक येथे म्हणतील की आम्हांला हे नवे नाही. त्यांचा तो हक्क आहे. १९४८ साली प्रकृतीच्या कारणाने देवासला आलेले आणि १९९२ साली तेथेच देह ठेवणारे कुमार गंधर्व यांनी माळव्यातल्या भजन्यांच्या तोंडची निर्गुणी पदे उचलून कबिराला मराठी कानापर्यंत पोहोचविले. शिखांच्या ग्रंथात भगतांपैकी सर्वांत अधिक पदे कबिराचीच आहेत. देवासच्या टेकडीखाली ज्यांनी ती ऐकली, त्यांना गुरुद्वाऱ्यातले कीर्तन परके वाटण्याचे कारण नाही.

परंतु आम्हां सरदार-शिलेदारांच्या घरांत पंजाब म्हटले की आठवते ते अटक. १७५८ च्या मार्चमध्ये राघोबादादा आणि मल्हारराव होळकर यांनी सरहिंद घेतले, एप्रिलमध्ये लाहोर. याच राघोबांची पत्नी आनंदीबाई पुढे धारच्या किल्ल्यात आश्रयास होती आणि १७७५ साली दुसरा बाजीराव तेथेच जन्मला, हे धारच्या प्रत्येक पोरास ठाऊक असते. सरहिंद म्हणजे शिखांना काय, हे मात्र आम्हांस कोणी शिकविले नाही. गुरू गोविंदसिंगांची दोन धाकटी मुले, जोरावरसिंग व फतेहसिंग, याच गावी भिंतीत चिणून मारली गेली. नांदेडास गुरूंना भेटलेला माधोदास बैरागी हा बंदा बहादूर होऊन १७१० साली त्या सुभेदारावर चालून गेला आणि सरहिंद पडले. १७५८ साली मराठ्यांबरोबर शीखही त्या शहरावर चालून गेले होते. आपल्या बखरींना तो एक मुक्काम होता. त्यांच्या मनात ती जखम होती.

पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी धारचे यशवंतराव पवार पडले. धारच्या किती घरांत संक्रांतीला आजही त्या दिवसाची आठवण निघते, हे आम्ही पाहिले आहे. मात्र त्याच युद्धात पतियाळ्याच्या आलासिंगाने भाऊसाहेबांच्या छावणीला धान्य पोहोचविले होते, आणि अब्दाली कैद केलेल्या बायकामुलांना घेऊन परतत असता शिखांनी त्याच्या फौजेवर छापे घालून अनेकांची सुटका केली असे शिखांच्या इतिहासात सांगतात, हे किती घरांत निघते? ज्या बायका सुटल्या त्यांत कदाचित धारच्याही असतील.

आता एका जुन्या तक्रारीविषयी. यशवंतराव होळकर १८०५ साली इंग्रजांशी लढत लढत पंजाबात गेले, अमृतसरास त्यांनी शीख सरदारांकडे साहाय्य मागितले आणि रणजितसिंगाने ते दिले नाही, असे आम्ही लहानपणी मोठ्या चिडीने ऐकत असू. पाठीवर लॉर्ड लेकची फौज होती. २४ डिसेंबर १८०५ रोजी बियासच्या काठी यशवंतरावांना तह करावा लागला. १ जानेवारी १८०६ रोजी रणजितसिंग व फतेहसिंग अहलुवालिया यांनी इंग्रजांशी निराळा करार केला. होळकरांची फौज अमृतसरापासून तीस कोस दूर घालवावी, असे त्यात कलम होते. हे कलम आजही आम्हांस बोचते. एकट्या पडलेल्या त्या एका डोळ्याच्या वीराविषयी माळव्यात कोणास ममत्व नाही?

पण धार-देवासकरांनी थोडे थांबून विचार करावा. त्याच सुमारास होळकर-शिंद्यांच्या आणि पेंढाऱ्यांच्या धामधुमीत आपली ही दोन्ही संस्थाने उजाड झाली होती. धारचे आनंदराव पवार १८०७ साली वारले, आणि मीनाबाईंनी उरलेसुरले राज्य कसे राखले, याच्या कहाण्या आपल्या वाड्यांतून सांगितल्या जातात. दुसऱ्याची फौज आपल्या शेतात उतरली म्हणजे काय होते, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार! रणजितसिंग तेव्हा अवघा पंचवीस वर्षांचा होता आणि अब्दालीच्या स्वाऱ्यांनी तुडविलेला मुलूख नुकता सावरू पाहत होता. त्याने चूक केली की शहाणपण, यावर इतिहासकार वाद घालोत. मीनाबाईंच्या जागी उभे राहून पाहिले तर आम्हांस त्याचा राग धरवत नाही, इतकेच. यशवंतराव १८११ साली भानपुऱ्यास वारले.

याच रणजितसिंगाने पुढे मराठी मुलखात एक वास्तू उभारली, ती नांदेडास. बहादुरशहाच्या छावणीबरोबर गुरू गोविंदसिंग १७०८ साली बऱ्हाणपुरावरून दक्षिणेत उतरले. साताऱ्यास शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तेच हे वर्ष. ऑक्टोबरात गोदेकाठी गुरूंचे निर्वाण झाले. त्या स्थानी सचखंड हजूर साहिबची इमारत रणजितसिंगाने १८३२ ते १८३७ या काळात बांधविली, तीही निजामाच्या राज्यात. घुमानला २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपली माणसे इतक्या दूर कशाला जातात, अशी कुजबुज आमच्या ओटीवरही झाली होती. त्या कुजबुजीत आमचाही सूर होता, हे कबूल केले पाहिजे.

इकडे पाऊस उघडला, चाकही बदलून झाले. लंगरात वरण-पोळी झाली होती. नातीने दोनदा वरण मागून घेतले. निघताना ग्रंथीजी दारापर्यंत आले. पंढरपुरास नामदेवांचे काय आहे, असे त्यांनी विचारले. आम्ही सांगितले की महाद्वारात त्यांची पायरी आहे. संतांच्या पायांची धूळ लागावी म्हणून १३५० साली त्यांनी तेथेच समाधी घेतली. तीवर कोणी पाय देत नाही, वारकरी ओलांडून जातात, आणि समोरच चोखोबांची समाधी आहे. त्यांनी डोळे मिटून हात जोडले. मग जरा संकोचून म्हणाले की एकदा तेथे डोके टेकवायची इच्छा आहे. पगडीवाल्यांना आत सोडतात ना?

"सोडतात, जरूर सोडतात," आम्ही म्हणालो. चोखोबांच्या जातभाईंना त्याच देवळात सोडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस उपाशी राहावे लागले होते, हे ओठांवर आले होते. ते आम्ही त्या दिवशी सांगितले नाही. कार्तिकीला जायचे असल्यास आमच्याबरोबर चलावे, एवढे म्हणून आमचा पत्ता त्यांच्या वहीत लिहून दिला.