भाजी निर्मळ, पण भांडे?

शहरांतील गच्च्या आणि सज्जे अलीकडे हिरवे होऊ लागले आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. शालेय पोषण आहाराच्या जोडीला शाळांच्या आवारांतही परसबागा उभ्या राहत आहेत. बाजारातील फवारलेल्या भाजीविषयीची धास्ती हे या हौसेमागील एक प्रबळ कारण आहे. परंतु बी, माती आणि खत यांविषयी चोखंदळ असणारा गृहस्थ भाजी ज्या भांड्यात लावतो, त्याची मात्र चौकशी करीत नाही. भंगारवाल्याकडून स्वस्तात मिळालेला कॅन कापला, बुडाला चार भोके पाडली, की कुंडी सिद्ध झाली, असे तो समजतो.

वस्तुतः प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नव्हे. अमेरिकेतील प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ साली ठरविलेले १ ते ७ हे क्रमांक आपल्याकडील डब्यांच्या बुडाशीही त्रिकोणात आढळतात. त्यांपैकी २ आणि ४ ही पॉलिएथिलीनची रूपे, तर ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. भाजी लावण्यास ही तिन्ही सामान्यतः निर्धोक मानली जातात. १ क्रमांकाची पाण्याची बाटली एखाद्या हंगामापुरती चालेल. ३ म्हणजे पीव्हीसी. ते मऊ करण्यासाठी थॅलेट द्रव्ये मिसळतात आणि टिकविण्यासाठी शिशाची संयुगेही वापरली गेली आहेत. ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलाच. ७ हा उरलेल्या सर्वांचा वर्ग असून, बिसफेनॉल-ए पासून बनणारे पॉलिकार्बोनेट त्यात येते. शेवटची तिन्ही भाजीसाठी टाळलेली बरी.

यावरून कोणी घाबरून जाण्याचे कारण नाही. भांड्यातून मातीत आणि मातीतून पानात उतरणारा अंश सहसा अल्पच असतो. खरा धोका निराळाच आहे, आणि तो या क्रमांकांत दिसत नाही. भांडे कशाचे आहे एवढेच क्रमांक सांगतो; त्यात पूर्वी काय होते, हे तो सांगत नाही. कीटकनाशकाचा डबा पुष्कळदा २ क्रमांकाचाच असतो आणि रंगाची बादली ५ क्रमांकाची! क्रमांक पाहून निश्चिंत झालेला माणूस येथेच फसतो. फवारणीच्या भयाने घरी पिकविलेली मेथी फवारणीच्याच डब्यात वाढावी, यापरता दैवदुर्विलास कोणता? असा डबा कितीही विसळला, तरी तो कुंडी म्हणून वापरू नये.

हे केवळ आमचे मत नव्हे. कीटकनाशकांची रिकामी वेष्टने पुन्हा वापरली जाऊ नयेत म्हणून ती फोडून वस्तीपासून दूर पुरावीत, असे १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी सांगितले आहे. तरीही असे डबे भंगाराच्या वाटेने घरांत शिरतात. दोष केवळ भंगारवाल्याचा नाही. रिकामा डबा परत घेण्याची सोय विक्रेत्याच्या दारीच असावयास हवी. आणि नव्या कुंड्या विकणाऱ्यांनी क्रमांक, तसेच माल पुनर्वापराचा आहे की नाही, हे ठळक देवनागरीत छापावयास हवे. बुडाशी पुसट उमटलेली खूण ग्राहकाने भिंग घेऊन शोधावी, ही अपेक्षा रास्त नव्हे.

सामान्य माणसाने महागड्या कुंड्या कोठून आणाव्यात, असा आक्षेप येईल. पण त्याची गरजही नाही. खाद्यतेलाचा रिकामा कॅन, फुटक्या झाकणाचा पिठाचा डबा, नाहीतर आपली मातीची कुंडी, ही घरचीच साधने आहेत. ज्याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, तेच भांडे घ्यावे. ज्याचा ठाऊक नाही, त्यात झेंडू किंवा मोगरा लावावा. उन्हाने पिठूळ झालेले, तडकलेले भांडे मात्र कोणत्याही क्रमांकाचे असो, वेळीच बदलावे, नाहीतर त्याचा भुगा मातीत मिसळतो. शाळांच्या परसबागेत तर हा दंडक शिक्षकांनी कटाक्षाने पाळावा. तेथील पालेभाजी कोवळ्या मुलांच्या ताटात पडते, आणि ती कशात वाढली हे विचारण्याचे त्यांचे वय नसते.